शेवटच्या माणसाचा वेग
स्पिती खोऱ्याच्या कच्च्या वाटांवर एका नवशिक्याचा प्रवास

व्यापारी घरातील मुलगा पेढीवर बसू लागतो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली येत नाही. आधी पोती मोजायची, वजनकाट्याजवळ उभे राहायचे, मालाचा रंग आणि वास ओळखायला शिकायचे, जुन्या मुनीमजींची बोलणी ऐकून घ्यायची आणि मग केव्हातरी सौद्याच्या वेळी जवळ बसण्याची परवानगी मिळवायची, अशी ही जुनी रीत आहे. सांगलीत हळदीची पेढी असलेल्या एका कुटुंबातील सत्तावीस वर्षांच्या तरुणाने ती पाच-सहा वर्षांत पार केली होती. सौद्यात त्याचा शब्द चालत असे. हमाल आणि ट्रकचालक त्याच्या इशाऱ्यावर काम करीत. आपल्याला पुन्हा कधी पहिल्या इयत्तेत बसावे लागेल, असे त्याच्या मनातही आले नव्हते. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याने त्याला तेथे नेऊन बसवले.

निमित्त मोटारसायकलचे होते. डोंगरातील कच्च्या वाटांसाठी बनवलेल्या मोटारसायकली भारतातील सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आल्या त्या गेल्या दहा वर्षांत. रॉयल एन्फिल्डची ‘हिमालयन’ २०१६ मध्ये बाजारात आली, हिरोची ‘एक्सपल्स’ २०१९ मध्ये. पुढचे चाक मोठे, जमिनीपासूनची उंची अधिक, इंजिनाच्या पोटाखाली धातूचे कवच, अशी त्यांची ठेवण असते. या तरुणानेही अशी गाडी घेतली, दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मुरमाड वाटांवर दोन-तीन रविवार घालवले आणि आपल्याला हे येते, असे ठरवून टाकले. त्याच सुमारास स्पितीला निघालेल्या एका जुन्या गटात सहावी जागा रिकामी झाली आणि ती त्याला मिळाली.

गटाचे प्रमुख पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारे, अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत. नाशिकच्या एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होत्या, त्या साऱ्यांच्या ताई. बेळगावचे दोन भाऊ होते आणि कोल्हापूरचा एक गॅरेजवाला होता. पाचही जण या वाटांवर अनेकदा पडलेले आणि उठलेले. निघण्यापूर्वी काकांनी नव्या माणसाला दोनच नियम सांगितले. पहिला असा की, डांबर संपले की सगळ्यांचा वेग शेवटच्या माणसाइतका. दुसरा असा की, कोणत्याही अवघड जागी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि एकाने ‘नाही’ म्हटले की सहाही जण थांबतात. त्यावर वाद होत नाही.

तरुणाने दोन्ही नियमांना मान डोलावली. त्याचे लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे होते. आषाढ लागत होता. आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास सुरू होतो आणि त्या दिवशी आजी चातुर्मासाचे नियम घेईल तेव्हा तिच्या शेजारी बसण्याचा शब्द त्याने दिला होता. आजीचे वय चौऱ्याऐंशी. परतीचे विमान त्याने त्या हिशेबानेच काढले होते आणि हाती एक दिवस जादा ठेवला होता.

खोऱ्याची पायरी-पायरीची चढण

स्पितीला जाण्याचे दोन मार्ग आहेत. मनालीकडून गेले तर अंतर कमी, पण एका दिवसात माणूस एकदम उंचावर पोहोचतो आणि विरळ हवेचा त्रास होण्याची भीती असते. शिमल्याकडून जाणारा मार्ग लांबचा, पण पायरी-पायरीने चढणारा. म्हणून गटाने रेल्वेच्या पार्सलने चंदीगडला पाठवलेल्या गाड्या ताब्यात घेतल्या आणि शिमला, नारकंडा, रामपूर असा सतलजच्या काठाचा रस्ता धरला.

किन्नौरची हिरवी देवदारवने आणि सफरचंदाच्या बागा मागे पडल्यावर खाब येथे सतलजला स्पिती नदी येऊन मिळते. येथून पुढे निसर्ग रूप बदलतो. मोसमी ढगांना हिमालयाच्या रांगा अडवतात, त्यामुळे पलीकडच्या स्पितीत पाऊस फारसा पोहोचत नाही. डोंगर उघडे, मातकट, कुठे जांभळट. हिरवे दिसेल ते फक्त गावाभोवती, तेही बर्फ वितळून येणारे पाणी गावकऱ्यांनी ‘कूल’ नावाच्या लांब पाटांनी शेतापर्यंत आणलेले असेल तेथेच. साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या नाको गावी एक मुक्काम झाला, दुसरा ताबो येथे. ताबोचा मातीच्या भिंतींचा बौद्ध विहार इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. बाहेरून तो एखाद्या साध्या धाब्याच्या घरासारखा दिसतो. आत मात्र अंधाऱ्या भिंतींवर हजार वर्षांची चित्रे आणि मूर्ती शांतपणे उभ्या आहेत. या प्रदेशात पाऊस कमी म्हणूनच माती टिकली, हे तेथे उभे राहिल्यावर ध्यानात येते.

तेथपर्यंतचा रस्ता बहुतेक डांबरी होता आणि तरुण सर्वांच्या पुढे धावत होता. काकांनी त्याला एकदाही टोकले नाही. काझ्याला पोहोचल्यावर मात्र त्यांनी जाहीर केले की, उद्याचा दिवस कुठेही जायचे नाही. उद्या नदीत शाळा भरेल.

नदीपात्रातील शाळा

काझा हे स्पितीचे मुख्य ठिकाण. गावाखाली स्पिती नदीचे पात्र अतिशय रुंद आहे. उन्हाळ्यातही प्रवाह त्याच्या एका अंगाने वाहतो आणि उरलेल्या भागात नुसते गोटे, रेती आणि वाळलेला गाळ असतो. सकाळी सात वाजता तेथे सहा गाड्या उतरल्या आणि पहिल्या दहा मिनिटांतच नवशिका दोनदा आडवा झाला.

पहिला धडा गाडी उचलण्याचा होता. सामानासह दोनशे किलोच्या पुढे जाणारी गाडी समोरून ओढून उचलायला गेले तर कंबर धरते, आणि त्या उंचीवर दोन प्रयत्नांतच दम संपतो. ताईंनी रीत दाखवली. इंजिन बंद करायचे, गाडी गिअरमध्ये ठेवायची, आसनाला पाठ लावून खाली बसायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागची दांडी धरायची आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे पावले टाकीत उभे राहायचे. ताईंची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. त्यांची गाडी उभी राहिली तेव्हा तरुणाने आपल्या व्यायामशाळेतील दंडांकडे एकदा पाहिले आणि तो गप्प राहिला.

दुसरा धडा उभे राहण्याचा. गोट्यांवर गाडी सतत डुचमळते. बसून चालवली तर प्रत्येक हिसका थेट मणक्याला आणि हाताला बसतो. पायटांवर उभे राहून गुडघ्यांनी टाकी हलकेच आवळली की शरीराचा भार खाली पायटांवर येतो, गाडी पायांखाली हवी तशी हलू शकते आणि वरचे शरीर स्थिर राहते. कोपरे बाहेर, क्लच आणि ब्रेकवर प्रत्येकी दोनच बोटे, गिअर पहिला किंवा दुसरा आणि अॅक्सिलरेटर अगदी समान. रेतीत पुढचा ब्रेक एकदम दाबला की पुढचे चाक घसरून गाडी आडवी होणारच, म्हणून वेग मुख्यतः इंजिनाने आणि मागच्या ब्रेकने आवरायचा. टायरमधील हवाही थोडी कमी करायची, म्हणजे रबर पसरून दगडाला धरते.

हे सारे त्याला तोंडपाठ झाले, पण जमेना. कारण त्याचे हात ऐकत नव्हते. गाडी डळमळली की तो हँडल अधिक घट्ट धरी, घट्ट धरले की पुढचे चाक दगडावरून आपली वाट शोधू शकत नसे आणि तो पडे. कोल्हापूरचा गॅरेजवाला शेजारी बसून चहा पीत बराच वेळ पाहत होता. शेवटी तो म्हणाला, “भावा, बैलाची वेसण आवळल्यागत हँडल आवळू नगंस. गाडीला तिची वाट ठावं हाय. तू फकस्त कुठं जायचं ते बघ.”

तिसरा धडा म्हणजे हे बघणेच होते. माणूस ज्या दगडाला घाबरून त्याच्याकडे टक लावतो, गाडी नेमकी त्याच दगडावर जाते. म्हणून नजर चाकाखाली न ठेवता पंधरा-वीस मीटर पुढे, जेथे पोहोचायचे आहे तेथे ठेवायची. दुपारपर्यंत तो एकोणीस वेळा पडला. बेळगावच्या धाकट्या भावाने प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा मोजला, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हातातले काम टाकून त्याच्याकडे धावले. विसाव्या फेरीत तो सारे गोटे ओलांडून पलीकडे गेला तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. काकांनी फक्त बोटाने खूण केली, “पुन्हा.”

उंचावरची गावे, उंचावरचा व्यापार

पुढचे दोन दिवस शिकलेले घटवण्यात गेले. काझ्यावरच्या उंच पठारावर लांगझा, हिक्किम आणि कोमिक ही गावे आहेत. हिक्किमचे टपाल कार्यालय सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे आणि येणारा जाणारा तेथून घरी एक कार्ड टाकतोच. तरुणानेही आजीला कार्ड लिहिले. लांगझाच्या आसपासच्या काळ्या खडकांत शंखासारख्या वेटोळ्यांचे जीवाश्म सापडतात. ही भूमी कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या समुद्राच्या तळाशी होती, त्याच्या या खुणा. ते जीवाश्म कोणी विकायला आणले तरी घ्यायचे नाहीत, असा गटाचा दंडक होता. जागेची वस्तू जागेवरच राहावी, इतकेच कारण काकांनी दिले.

लोसर हे कुंझुम खिंडीपूर्वीचे शेवटचे मोठे गाव. तेथे एका घरी जेवणासाठी थांबल्यावर व्यापाऱ्याचा मुलगा जागा झाला. भोवतीच्या शेतांत हिरवा वाटाणा फुलावर होता. स्पितीचे हे मोठे नगदी पीक. मैदानी प्रदेशात उन्हाळ्याने वाटाणा संपतो तेव्हा येथे थंड हवेत तो तयार होतो, म्हणून बाजारात त्याला मागणी असते. घरमालकाशी बोलता बोलता त्याच्या लक्षात आले की, या साऱ्या व्यवहाराचा जीव रस्त्यात आहे. हळद गोदामात वर्षभर राहू शकते. हिरव्या वाटाण्याला तेवढी सवड नसते. दरड कोसळून किंवा नाला फुगून रस्ता अडला, तर तोडलेला माल वाटेतच खराब होतो. ज्या वाटेवर शहरातील तरुण हौसेने येतात, त्याच वाटेवर एका खोऱ्याचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते.

आहाराची काळजी घरच्यांनी फार केली होती. प्रत्यक्षात अडचण थोडी आली. डब्यात खाकरे, मेथीचे ठेपले आणि भाजलेले चणे होतेच. ठिकठिकाणी वरण-भात मिळत होता आणि कांदा-लसणाशिवाय करून द्या म्हटले की बायाबापड्या हसून वेगळे भांडे चुलीवर ठेवीत. आषाढात तेथे सूर्य उशिरा मावळतो, त्यामुळे दिवसाउजेडी जेवण उरकणेही साधत होते. त्याच्यामुळे सगळाच गट लवकर जेवू लागला आणि ताईंच्या मते उंचावरच्या झोपेसाठी तेच बरे होते.

कुंझुमच्या पलीकडे

लोसर सोडल्यावर डांबर संपले. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरहून अधिक उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आतच असतो, त्यामुळे माणसाप्रमाणे इंजिनालाही धाप लागते. खिंडीत कुंझुम मातेचे लहान मंदिर आहे. येणारी वाहने त्याला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. हिवाळ्यात कित्येक महिने ही खिंड बर्फाखाली बंद असते. तिच्या अलीकडचे पाणी स्पितीला आणि तेथून सतलजला जाते, पलीकडचे चंद्रा नदीला. पुढे तांदी येथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो आणि चंद्रभागा वाहू लागते, तीच पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. दोन्हींचा उगम वेगळा आणि वाट वेगळी, पण नाव एकच. काकांच्या घरी वारीची परंपरा होती. खिंडीतून चंद्रेचे खोरे दिसताच त्यांनी हेल्मेट काढून हात जोडले. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती.

मुक्काम चंद्रतालच्या अलीकडच्या तंबूंत पडला. हे सरोवर २००५ पासून रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र आहे, म्हणून काठावर राहायला मनाई आहे आणि वाहनेही बरीच आधी थांबवावी लागतात. सभोवती कोवळे गवत पसरलेले असते. बेळगावच्या भावांनी आधीच बजावून ठेवले होते की, कच्च्या वाटेवर गाडी चालवणे वेगळे आणि वाट सोडून गवतावर घालणे वेगळे. त्या थंडीत एका चाकोरीने मोडलेले गवत भरून यायला कित्येक वर्षे लागतात आणि त्याखाली असलेल्या बारीक जिवांचा तर हिशेबच नाही. लहानपणापासून ‘यतनेने चाल’ हे शब्द ऐकलेल्या त्या तरुणाला हे समजावून सांगावे लागले नाही. एकादशीच्या सकाळी तो सरोवरापर्यंत पायी गेला. निळ्या पाण्यात बर्फाच्छादित शिखरे उलटी उभी होती. तेथून त्याचा पाय निघेना. निघायला दहा वाजले. उतरताना त्याचे मागचे चाक पंक्चर झाले आणि आणखी दीड तास गेला. बातलच्या ढाब्यावर चार घास खाऊन गट पुढे निघाला तेव्हा घड्याळात दुपारचा एक वाजून गेला होता.

दुपारचे पाणी

बातल ते छत्रू हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपासचा. त्याला रस्ता म्हणायचे ते केवळ वाहने जातात म्हणून. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या धोंड्यांवरून तो जातो आणि बाजूच्या कड्यांवरून उतरणारे नाले त्याला आडवे छेदतात. या नाल्यांचे वेळापत्रक सूर्याच्या हाती असते. रात्री वर बर्फ गोठलेला असतो, म्हणून पहाटे पाणी घोट्याइतके. ऊन चढते तसे बर्फ वितळते आणि दुपारनंतर तोच नाला गुडघ्या-मांडीपर्यंत फुगतो. म्हणून जाणते लोक हा टप्पा सकाळी उरकतात.

बातलपासून आठेक किलोमीटरवर असा एक नाला भेटला तेव्हा पावणेतीन वाजले होते. पाणी करड्या रंगाचे, वीस-पंचवीस फूट रुंद, आणि त्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, घरंगळत जाणाऱ्या दगडांचा. त्यांच्यासमोरच एक मालवाहू पिकअप गुरगुरत पलीकडे गेली. बेळगावच्या थोरल्याने पाण्याचा अंदाज घेतला. त्याला, त्याच्या भावाला आणि गॅरेजवाल्याला ते जमण्यासारखे होते. काका आणि ताईही बहुधा गेले असते. प्रश्न सहाव्याचा होता.

सहाव्याच्या डोक्यात मात्र वेगळे गणित चालू होते. संध्याकाळी मनाली, रात्रीची बस, सकाळी चंदीगड, तेथून विमान, त्रयोदशीला घर. येथे रात्र काढली तर ती साखळी तुटत होती. हातातला जादा दिवस काझ्याच्या शाळेत आधीच खर्च झाला होता. “काका, मला जमेल. चार दिवस तेच तर शिकलोय,” तो म्हणाला.

काकांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. “आधी चालून ये,” एवढेच म्हणाले.

पाण्यात गाडी घालण्यापूर्वी तेथून स्वतः चालत जाऊन तळ पाहायचा, हा या विद्येतील पहिला पाठ. गॅरेजवाल्याने त्याच्या कमरेला दोर बांधला. पहिल्या दोन पावलांत थंडीने पायाची बोटे बधिर झाली. तिसऱ्या पावलाला पाणी गुडघ्याच्या वर आले. चौथ्याला पायाखालचा दगड सरकला आणि वरून घरंगळत आलेला दुसरा दगड नडगीवर आदळला. तो तेथेच उभा राहिला. मागे पाच जण होते आणि त्यांच्यापैकी कोणीही काही बोलत नव्हते. पेढीवर सौदा फिसकटताना त्याने अनेकदा पाहिला होता. ज्याला माल घेण्याची घाई झाली, त्याने भाव गमावला, हे वडिलांचे सांगणेही त्याने शेकडो वेळा ऐकले होते. पण चढत्या पाण्यात उभे राहून स्वतःची घाई स्वतःला दिसणे हे त्याला नवे होते.

तो परत काठावर आला आणि म्हणाला, “नाही. मला नाही जमणार. तुम्ही सगळे पुढे व्हा, मी सकाळी येतो.”

“पहिलं वाक्य बरोबर,” काका म्हणाले. “दुसरं नियमात बसत नाही.”

तोवर बेळगावच्या भावांनी गाड्या उलट्या वळवल्याही होत्या. कोणी उसासा टाकला नाही, कोणी घड्याळ पाहिले नाही. सहाही जण आठ किलोमीटर मागे बातलला गेले. त्या खोऱ्यात मोबाइलला तेव्हा रेंज नव्हती, त्यामुळे घरी कळवण्याचा मार्गही नव्हता.

सूर्य कड्याआड जाण्यापूर्वी त्याने ढाब्यावर वरण-भात खाल्ला. मग दगडी भिंतींच्या त्या खोलीत सहा जण रजया पांघरून बसले. काका बाहेर गाड्यांवर कापड टाकायला गेले तेव्हा गॅरेजवाल्याने हळूच सांगितले की, काही वर्षांपूर्वी अशाच एका नाल्यावर काकांनी एका नव्या मुलाला ‘चल, होईल’ असे म्हटले होते. मुलगा वाहून गेला नाही, पण गाडीखाली पाय सापडून हाड मोडले आणि त्याला दवाखान्यात पोहोचवायला रात्र उलटली. “तवापास्नं काका कुणाला हो बी म्हनत न्हाईत आन् नाही बी. पान्यात चालायला लावत्यात,” तो म्हणाला.

पहाटेचे पाणी

द्वादशीच्या पहाटे साडेपाचला गट पुन्हा त्या नाल्यावर उभा होता. तो कालचा नाला वाटत नव्हता. पाणी स्वच्छ झाले होते, दगड दिसत होते आणि कडेला बर्फाची पातळ साय धरली होती. तरुणाने पुन्हा चालून पाहिले. पाणी पोटरीच्या खालीच राहिले. बेळगावचा थोरला भाऊ आधी पलीकडे गेला आणि जेथे पोहोचायचे तेथे हात वर करून उभा राहिला. गॅरेजवाला पाण्यात मध्यावर, वाटेच्या वरच्या अंगाला उभा राहिला. प्रवाहाने गाडी ढकलली तर ती खालच्या अंगाला कलते. मदत करणारा खाली उभा असेल तर तोच गाडीखाली सापडतो.

पहिला गिअर, दोन बोटे क्लचवर, गुडघे टाकीला, नजर पलीकडच्या हातावर. मध्यावर पुढचे चाक एका धोंड्यावर चढून डावीकडे घसरले. जुन्या सवयीने मुठी आवळल्या जाण्याच्या बेतात होत्या. त्याने त्या सैल सोडल्या आणि अॅक्सिलरेटर तसाच धरला. गाडीने एक झोकांडी खाल्ली, स्वतःच सरळ झाली आणि पलीकडच्या वाळूवर चढली. सारा प्रकार बारा-पंधरा सेकंदांचा. बेळगावच्या भावाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि लगेच पुढच्या माणसासाठी पुन्हा हात वर केला. तेव्हा तरुण त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानेही हात वर केला.

पुढे छत्रू, ग्राम्फू आणि डांबर. २०२० मध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून गट मनालीला उतरला, तेव्हा दुपार झाली होती आणि मोबाइलवर घरचे सत्तावीस मिस्ड कॉल होते. गाड्या मालवाहतूकदाराच्या हवाली करून तो बसने चंदीगडला पोहोचला तोवर विमान कालच गेले होते. दिल्लीमार्गे रेल्वेने मिरज गाठायला चतुर्दशीची रात्र झाली. आजीने नियम घेतले, तेव्हा तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

मिरजेच्या फलाटावर वडील उभे होते. गाडी दोन तास उशिरा आली होती, म्हणजे तेही तेवढा वेळ उभेच असणार. मुलाने तेथेच सगळे सांगितले, काहीही न लपवता. आपणच ‘नाही’ म्हटले, म्हणून दिलेला शब्द पाळता आला नाही, हेही सांगितले. वडिलांनी पिशवी हातात घेतली आणि म्हणाले, “माल उशिरा पोचला तर घट सोसता येते. ट्रकच दरीत गेला तर हिशेब कुणाशी करायचा?”

आजीने सकाळी वेगळेच विचारले. “किती जणं होतासा रं?” “सहा.” “सगळी घरला पोचली न्हवं?” तो हो म्हणाला. तिने मान हलवली आणि शेजारची सतरंजी त्याच्याकडे सरकवली. हिक्किमहून टाकलेले कार्ड त्यानंतर कितीतरी दिवसांनी आले. ते तिने पोथीत खूण म्हणून ठेवले आहे.

दिवाळीनंतर बाजारपेठेतील दोन मुलांनी नव्या मोटारसायकली घेतल्या आणि ती त्याच्याबरोबर दंडोबाच्या वाटांवर येऊ लागली. दोघांच्याही मुठी हँडलवर घट्ट आवळलेल्या असतात आणि दोघांनाही सर्वांच्या पुढे जायचे असते. त्यांना तो पुढे जाऊ देतो. स्वतः शेवटी राहतो, धूळ खातो, आणि कोणी पडले की उतरून गाडी उचलायला हात लावतो.